टोपीपेक्षा तळ पाहा : पावसाळी रानातील अळंबी शोधताना आणि टिपताना

मिरगाचा पाऊस जमिनीत मुरला की सह्याद्रीच्या रानात अळंबी वर येऊ लागते. कोकणात ती अळंबी, गोव्यात अळमी, विदर्भात सात्या किंवा टेकोडे. आणि जी कुणी खात नाही ती सगळी सरसकट कुत्र्याची छत्री. अलीकडे तिच्यामागे मोबाइल आणि कॅमेरे घेऊन फिरणारी हौशी मंडळी वाढली आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र त्यांचे फोटो जाणकाराला दाखवले की बहुतेक वेळा ‘यावरून नक्की सांगता येत नाही’ असेच उत्तर मिळते. फोटो वाईट नसतो; पण त्यात फक्त टोपी असते, उभ्याउभ्या वरून टिपलेली. अळंबी कशावर उगवली होती, टोपीच्या खाली काय होते, दांडा जमिनीत कसा शिरत होता, यातले काहीच दिसत नाही. ओळखीच्या खुणा तर नेमक्या तिथेच असतात.

म्हणून या लेखाचा आग्रह एकच आहे: नजर आणि कॅमेरा दोन्ही जमिनीपर्यंत खाली न्या. तळ पाहायची सवय लागली की अळंबी सापडतेही लवकर, आणि तिचा फोटो देखणा असतो तसाच उपयोगीही ठरतो.

जमिनीखाली काय चालते

अळंबी हे बुरशीचे फळ. बुरशीचे खरे शरीर म्हणजे लाकडात, पालापाचोळ्यात किंवा मातीत पसरलेले बारीक धाग्यांचे जाळे. ते एरवीही तिथेच असते. पुरेशी ओल आणि ऊब मिळाली की बीजाणू पसरवण्यासाठी ते अळंबी वर काढते. काही अळंब्या एका दिवसात विरघळून जातात, काही आठवडाभर टिकतात, आणि लाकडावरच्या काही कठीण जाती वर्षानुवर्षे वाढत राहतात.

हे जाळे कशावर जगते ते कळले की शोध निम्मा सोपा होतो. काही बुरशी मेलेले लाकूड आणि पालापाचोळा कुजवून जगतात. काही वाळवीच्या सोबतीने राहतात. काही जिवंत झाडांच्या मुळांशी देवाणघेवाण करतात. युरोपातल्या मार्गदर्शक पुस्तकांत ओक, बीच, पाइन अशा झाडांखाली कोणती अळंबी शोधायची याची लांबलचक माहिती असते, कारण तिथल्या या झाडांच्या मुळांशी जोडलेल्या बुरशी मोठ्या अळंब्या उगवतात. आपल्या रानातल्या जांभूळ, अंजनी, ऐन, हिरडा यांसारख्या बहुतेक झाडांच्या मुळांतही बुरशी असते. पण ती वेगळ्या प्रकारची, छत्री न उगवणारी. त्यामुळे महाराष्ट्रात अळंबी शोधणाऱ्याने हिरव्यागार झाडाकडे पाहण्याआधी पडलेल्या ओंडक्याकडे पाहावे.

याला एक अपवाद ध्यानात ठेवा. निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ यांच्या लागवडीत मुळांशी जोडलेल्या बुरशी भरपूर असतात. तिथे जमिनीतून अर्ध्या वर आलेल्या, बटाट्यासारख्या दिसणाऱ्या तपकिरी गाठी दिसतील. त्या पिसोलिथस किंवा स्क्लेरोडर्मा गटातल्या असण्याची शक्यता मोठी.

कधी जावे

शेतकऱ्याची नक्षत्रे इथेही उपयोगी पडतात. मृग आणि आर्द्रा, म्हणजे जूनचा पूर्वार्ध ते जुलैचा पहिला आठवडा, हा वारुळांवरच्या अळंब्यांचा सुरुवातीचा काळ. जमीन तापलेली असते आणि तिच्यावर पहिले दमदार पाऊस पडलेले असतात. पुनर्वसू आणि पुष्यात, जुलैच्या झडीत, नाजूक छत्र्या पावसाच्या माराने फाटतात आणि चिखलाने माखतात. त्या काळात लाकडावरच्या जाती पाहाव्यात: कानाच्या पाळीसारख्या दिसणाऱ्या कानअळंब्या, टणक फळकुटांसारख्या जाती, पेल्याच्या आकाराच्या कूकिना. आश्लेषा, मघा आणि पूर्वा, म्हणजे ऑगस्ट ते सप्टेंबरचा मध्य, हा छायाचित्रकाराचा खरा हंगाम. सरी आणि उघडीप आलटून पालटून येतात, ओल टिकून असते आणि उजेडही मिळतो.

दिवस निवडताना एक साधा नियम पाळा. दोन-तीन दिवस चांगला पाऊस होऊन मग उघडीप मिळाली की निघा. वेळ सकाळची ठेवा. पांढऱ्या जाळीचा झगा घातलेली फॅलस ही अळंबी पहाटेपासून काही तासांत उलगडते. ऊन चढले की जाळी मलूल होते आणि टोपीवरचा दुर्गंधी लेप माश्या चाटून नेतात. शाईच्या अळंब्यांच्या कित्येक जाती दुपारपर्यंत काळ्या पाण्यासारख्या गळून जातात. उशिरा पोचणाऱ्याला यांचे अवशेषच दिसतात.

कुठे पाहावे

*पडलेले ओंडके आणि फांद्या.* ताज्या पडलेल्या झाडापेक्षा साल सुटू लागलेले, नखाने दाबले तर किंचित दबणारे लाकूड अधिक समृद्ध असते. एकाच ओंडक्याच्या वरच्या बाजूला, कडेला आणि जमिनीला टेकलेल्या भागात वेगवेगळ्या जाती मिळतात. उन्हात पडलेल्या वाळक्या फांदीवर शेंदरी-लाल रंगाची पिक्नोपोरस दिसेल. पंख्याच्या आकाराची करडी-पांढरी स्किझोफायलम तर जवळजवळ सगळीकडे असते. तिच्या खालचे पापुद्रे मधोमध चिरलेले असतात. हवा कोरडी झाली की ते आत वळतात आणि पाऊस आला की पुन्हा उलगडतात. सावलीतल्या ओल्या फांद्यांवर पिवळ्या पायाची, तांबूस वलयांची, वाटीसारखी मायक्रोपोरस शोधा.

*पालापाचोळा.* इथे आकार लहान होतात. काडीएवढ्या दांड्यावर उभी असलेली मॅरास्मियस कधी एखाद्या सुक्या पानाच्या शिरेवरच उगवलेली असते. कुजक्या काटक्यांवर पक्ष्याच्या घरट्यासारखी दिसणारी सायथस असते. तिच्या इवल्याशा वाटीत बीजाणूंच्या चपट्या गोळ्या असतात आणि पावसाचा थेंब नेमका वाटीत पडला की त्या उडून दूर जातात. चांदणीसारखी उलगडणारी जिएस्ट्रमही पाचोळ्यातच भेटते; तिच्या मधल्या पिशवीवर थेंब आपटला की बीजाणूंचा धूर निघतो.

*वारुळे आणि वाळवीची जमीन.* टर्मिटोमायसेस गटातल्या अळंब्यांचे नाते वाळवीशी आहे. वाळवी चावलेल्या लाकूडपाल्यापासून वारुळात मऊ पोळी रचते आणि त्यांवर ही बुरशी वाढवते. बुरशी तो पाला पचण्याजोगा करते आणि वाळवी त्यावर जगते. पावसाळ्यात त्याच पोळ्यांवरून अळंबी निघते आणि माती भेदून वर येते. म्हणून तिच्या दांड्याला खाली मुळासारखी लांब शेपटी असते. गोव्यात हिला रोवणाची अळमी म्हणतात. कोकणात आणि गोव्यात तिला मोठी मागणी आहे आणि आजवर तिची व्यापारी लागवड साधलेली नाही. जे बाजारात येते ते सगळे रानातले. याच गटातली टर्मिटोमायसेस मायक्रोकार्पस अगदी इवली असते आणि शेकड्यांनी एकदम उगवते. जमिनीवर भाताची शिते सांडल्यासारखी दिसते.

*बांबूची बेटे, शेणाच्या जागा आणि फणसाची खोडे.* जाळीवाली फॅलस बांबूच्या बेटात आवर्जून शोधावी. गव्याच्या आणि गुरांच्या शेणावर काही दिवस टिकणाऱ्या नाजूक जाती येतात. जुन्या फणसाच्या खोडावर घोड्याच्या टापेसारखी कठीण, तपकिरी वाढ दिसली तर तो फणसांबा. कोकण-गोव्यात घरगुती औषधात तो पिढ्यान्‌पिढ्या वापरला जातो.

*देवराया.* अळंबीसाठी देवराईसारखी जागा नाही. तिथले लाकूड तोडायचे नाही आणि पडलेलेही उचलायचे नाही, हा गावाचा दंडक जिथे अजून पाळला जातो तिथे पूर्ण वाढलेले झाड पडते आणि जागच्या जागी कुजते. सरपणासाठी साफ केलेल्या रानात हे घडत नाही. सिंधुदुर्ग, रत्नागिरी, पुणे आणि कोल्हापूर जिल्ह्यांत अशा देवराया आजही आहेत. गावातल्या माणसाला विचारूनच आत जावे, आणि चपला बाहेर काढायची रीत असेल तर ती पाळावी.

*घराजवळ.* आंबोली, राधानगरी, कोयना, महाबळेश्वर, भीमाशंकर इथवर जाणे जमले नाही तरी बिघडत नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवर गिरिपुष्पाच्या वाळक्या फांद्या, मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील वाटा, सोसायटीतले तोडलेल्या झाडाचे बुंधे, हे सगळे अभ्यासाला उत्तम आहे. कुंडीत अचानक उगवणारी लिंबू रंगाची ल्युकोकोप्रिनस तर सरावासाठी घरी आलेला नमुनाच. तिच्यावर हात बसवा आणि मग रानात जा.

शोधण्याची पद्धत

अळंबी शोधायला चाल मोडावी लागते. ट्रेकच्या वेगात चालणाऱ्याला फार तर दोन-चार मोठ्या छत्र्या दिसतात. वाटेचा एक छोटासा तुकडा निवडा आणि तिथेच तासभर घालवा. आधी उभे राहून पाहा, मग उकिडवे बसा, मग हनुवटी जमिनीजवळ आणा. प्रत्येक पातळीवर नवे काही दिसते. एक अळंबी सापडली की उठू नका. तिचे कोवळे आणि जून सोबती आसपास असतात आणि ओळखीसाठी दोन्ही वयांचे नमुने लागतात. ज्या वाटेने गेलात तिनेच परत या. उलट्या दिशेने पाहताना ओंडक्याची दुसरी बाजू दिसते आणि जाताना हुकलेले बरेच काही हाती लागते.

दिवसाही एक छोटी विजेरी जवळ ठेवा. तिचा झोत जमिनीला समांतर टाकला की पाचोळ्यातले बारीक दांडे उठून दिसतात. ओंडका उलटा करू नका. खाली विंचू, गोम, साप असू शकतो, आणि ओलावा धरून बसलेले एक छोटे जग एका क्षणात उघडे पडते. खालची बाजू पाहायची असेल तर छोटा आरसा वापरा. दाढीच्या डब्यातला आरसाही पुरतो.

पिवळ्या रंगाचे पसरट जाळे किंवा चॉकलेटी केसांच्या झुपक्यासारखे काही ओल्या लाकडावर दिसले तर तोही फोटो काढा, पण नोंद वेगळी करा. त्या चिकट बुरशी म्हणून ओळखल्या जातात, तरी शास्त्रदृष्ट्या त्या बुरशीच्या कुळातल्या नाहीत.

सोबत काय न्यावे

महागडा कॅमेरा असलाच पाहिजे असे नाही. बेताच्या मोबाइलनेही ओळखीपुरते उत्तम फोटो निघतात. मात्र पुढील वस्तू जवळ असू द्या:

- जमिनीलगत उभा राहणारा बुटका ट्रायपॉड. नसेल तर तांदूळ भरून शिवलेली कापडी पिशवी, जिच्यावर कॅमेरा टेकवता येईल.
- पांढऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा आणि तेवढाच ॲल्युमिनियम फॉइल लावलेला पुठ्ठा.
- मऊ ब्रश, छोटी पट्टी, आरसा, विजेरी.
- गुडघ्याखाली अंथरायला प्लॅस्टिकचा कागद.
- दोन-तीन कोरडे सुती रुमाल, घट्ट झाकणाचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या.
- नोंदवही आणि पेन्सिल. ओल्या कागदावर पेन्सिल चालते, शाई पसरते.

गाडीतल्या थंड हवेतून कॅमेरा थेट दमट रानात काढला की भिंगावर धुके बसते. पोचायच्या आधी गाडीतला एसी बंद करा किंवा कॅमेरा पिशवीतच ठेवून त्याला बाहेरच्या हवेशी जुळवून घेऊ द्या. घरी आल्यावर कॅमेरा बंद बॅगेत ठेवू नका. दमट बॅगेत भिंगावरच बुरशी धरते.

उजेड आणि कॅमेरा

पावसाळी रानात उजेड कमी असतो, पण तो मऊ असतो. ढगाळ हवेत सावल्या कडक पडत नाहीत आणि रंग खरे येतात. म्हणून फ्लॅश शक्यतो टाळा. समोरून मारलेल्या फ्लॅशने ओली टोपी चकाकते आणि मागचे रान काळे पडते. त्याऐवजी टोपीच्या खाली, चौकटीबाहेर, पांढरा पुठ्ठा आडवा धरा. वरून येणारा उजेड उलटून पापुद्र्यांवर जातो आणि अंधारी खालची बाजू उजळते. उन्हाचा कवडसा नेमका अळंबीवर पडत असेल तर छत्री धरून तो अडवा.

कॅमेरा असेल तर तो ट्रायपॉडवर लावा, ॲपर्चर एफ/८ ते एफ/११ ठेवा, आयएसओ १०० ते ४०० आणि शटर लागेल तेवढे सावकाश. अळंबी हलत नाही, त्यामुळे अर्ध्या सेकंदाचे एक्स्पोजरही चालते. वारा थांबायची वाट मात्र पाहावी. बटण दाबताना होणारा हादरा टाळायला दोन सेकंदांचा टायमर लावा. अगदी जवळून घेताना टोपीची कड स्पष्ट आणि दांडा अस्पष्ट असे होते. तेव्हा फोकस थोडा थोडा सरकवत पाच-सहा फोटो घ्या आणि नंतर संगणकावर ते एकत्र करा.

मोबाइलवर पडद्याला बोट लावून फोकस आणि उजेड एका जागी पक्का करा, मग उजेड किंचित कमी करा. पांढऱ्या अळंबीचा तपशील हमखास जळतो, तो त्यामुळे वाचतो. डिजिटल झूम वापरू नका, जवळ जा. मोबाइल उलटा धरला तर त्याचे भिंग जमिनीच्या अगदी लगत येते आणि अळंबीच्या उंचीवरून फोटो मिळतो. हिरव्या पानांतून गाळून आलेल्या उजेडाने पांढऱ्या टोपीवर हिरवट झाक येते. एका फोटोत पांढरा पुठ्ठा शेजारी ठेवा म्हणजे रंग नंतर दुरुस्त करता येतात. रंग ही ओळखीची खूण आहे, म्हणून रंग भडक करणारे फिल्टर इथे नकोत.

चौकटीत आडवी येणारी एखादी काडी ब्रशने बाजूला करा. त्यापलीकडे देखावा रचू नका. दुसरीकडची शेवाळे आणून लावणे, उपटलेल्या अळंब्या एकत्र मांडणे, टोपीवर पाण्याचे थेंब शिंपडणे यांतून खोटा फोटो तयार होतो. ती कशावर उगवली होती, ही सर्वांत मोलाची माहिती त्यात नाहीशी होते.

ओळखीसाठी सहा फोटो

एका सुंदर फोटोवर थांबू नका. प्रत्येक अळंबीचे निदान सहा फोटो घ्या.

१. जागा. चार-पाच पावले मागे येऊन, भोवतालच्या झाडझाडोऱ्यासह.

२. आधार. ती लाकडावर आहे, पानावर, मातीत, शेणावर की वारुळावर, हे दिसेल असा. लाकूड कोणत्या झाडाचे ते कळत असेल तर लिहा.

३. बाजू. अळंबीच्या उंचीवरून, टोपी, दांडा आणि दांड्यावरचे कडे असल्यास तेही.

४. वरची बाजू. टोपीचा रंग, खवले, चिकटपणा, कडेच्या रेषा.

५. खालची बाजू. पापुद्रे आहेत की छिद्रे की काटे. पापुद्रे दांड्याला चिकटले आहेत की सुटे. तोडता येत नसेल तर आरशातून.

६. तळ. दांडा जमिनीत शिरतो ती जागा. तिथे पेल्यासारखी पिशवी आहे का, मुळासारखी शेपटी आहे का.

एका फोटोत पट्टी किंवा नाणे ठेवा. सोबत तारीख, ठिकाण, उंची, वास, आणि चिरल्यावर किंवा घासल्यावर रंग बदलतो का, एवढे टिपा. वास फोटोत येत नाही, म्हणून तो लिहायलाच हवा.

जिथे तोडायला हरकत नाही आणि अळंब्या भरपूर आहेत तिथे एक टोपी घेऊन बीजाणूंचा ठसा काढा. अर्धा पांढरा आणि अर्धा काळा कागद घ्या, टोपी पापुद्रे खाली करून त्यावर ठेवा, वर वाटी उपडी घाला आणि रात्रभर तशीच राहू द्या. सकाळी कागदावर पापुद्र्यांची नक्षी उमटलेली असते. तिचा रंग मोठा पुरावा आहे. ॲमानिटाचा ठसा पांढरा, टर्मिटोमायसेसचा फिकट गुलाबी, बटण अळंबीच्या कुळाचा गडद चॉकलेटी, तर हिरवळीवर उगवणाऱ्या क्लोरोफायलम मॉलिब्डायटिसचा मळकट हिरवा. ही शेवटची पांढरी, मोठी, तपकिरी खवल्यांची आणि दिसायला खाण्याजोगी. पण ती विषारी आहे.

रात्री उजळणारे रान

भीमाशंकरच्या आणि गोव्यातील म्हादईच्या रानात पावसाळ्यातल्या काळोख्या रात्री ओले लाकूड हिरवट उजळताना दिसते. मायसिना गटातल्या बुरशींमध्ये एका रसायनाची प्राणवायूशी अभिक्रिया होऊन हा थंड प्रकाश निघतो. काही जातींत छत्री उजळते, काहींत लाकडातले धाग्यांचे जाळे.

याचा फोटो घ्यायचा तर अमावस्येच्या आसपासची रात्र निवडा. विजेरीच्या उजेडात फोकस लावा, तो हाताने पक्का करा आणि मग सगळे दिवे बंद करा. ॲपर्चर पूर्ण उघडे, आयएसओ १६०० ते ३२००, शटर ३० सेकंद, इथून सुरुवात करून पाहा. अंधाराला डोळे सरावायला वीस मिनिटे तरी द्या. मोबाइलचा पडदा एकदा पेटला की ती तयारी वाया जाते. रात्री रानात वनखात्याच्या परवानगीशिवाय आणि गावातल्या वाटाड्याशिवाय जाऊ नये. प्रकाश दिसतो म्हणून उजळते लाकूड तोडून नेणारे भेटतात. ते लाकूड घरी सुकते आणि काळे पडते.

खाण्याचा मोह

फोटोवरून, ॲपवरून किंवा या लेखावरून कोणतीही रानअळंबी खाऊ नये. चांदीचे नाणे काळे पडते का पाहणे, लसूण किंवा तांदूळ सोबत शिजवणे, किड्यांनी खाल्लेली म्हणजे निर्धोक समजणे, यातली एकही कसोटी खरी नाही. ॲमानिटा कुळातल्या घातक जातींचे विष शिजवून किंवा वाळवून जात नाही. त्याची लक्षणे सहा ते बारा तासांनी, कधी त्याहून उशिरा सुरू होतात. उलट्या-जुलाबांनंतर रोग्याला दिवसभर बरे वाटते आणि त्याच वेळात यकृत निकामी होत जाते. या कुळाची मोठी खूण म्हणजे तळाशी मातीत दडलेला पेला. वरून तोडलेल्या अळंबीत तो दिसतच नाही.

रानअळंबी खाल्ल्यावर त्रास झाला तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि उरलेली अळंबी किंवा तिचा फोटो डॉक्टरांना दाखवा. नुसत्या हात लावण्याने विषबाधा होत नाही, तरी हाताळल्यावर हात धुवावेत.

कातकरी, ठाकर, महादेव कोळी, गोंड या समाजांतल्या जाणत्या माणसांना आपल्या परिसरातली अळंबी नेमकी ठाऊक असते. ते ज्ञान त्या जागेचे आणि तिथल्या मोजक्या जातींचे असते. त्यांच्याकडून शिकावे, त्यांचे नाव विचारून नोंदीत लिहावे; पण तेवढ्यावर दुसऱ्या जिल्ह्यातली अळंबी ओळखू नये.

रान आणि आपण

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. तिथून परवानगीशिवाय अळंबी तोडून नेता येत नाही. काही वाटा पावसाळ्यात बंद असतात, म्हणून निघण्यापूर्वी जवळच्या वनकार्यालयात चौकशी करा. वारूळ कुठेच खणू नका. वर आलेली छत्री तोडली तरी खालची बुरशी राहू शकते, पण वारूळ फोडले तर वाळवीने वाढवलेली सगळी बागच जाते. गोवा विद्यापीठातील डॉ. नंदकुमार कामत यांनी रोवणाच्या अळम्यांचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि त्यांच्या बेसुमार तोडणीविरुद्ध सातत्याने लिहिले. त्यांचे म्हणणे घाटाच्या या बाजूलाही तितकेच लागू आहे.

स्वतःलाही जपा. जमिनीला टेकून काम करताना आधी काठीने पाचोळा हलवा. कोकणात फुरसे आणि दाट ओल्या रानात चापडा पाचोळ्याशी, फांद्यांशी बेमालूम मिसळून जातात. गमबूट घाला. जळू चिकटली तर ओढू नका. तिच्या तोंडाजवळ नख सरकवून पकड सोडवा आणि जखम धुवा. ओढ्याला पाणी वाढले असेल तर फोटोसाठी तो ओलांडू नका. रानातून आल्यावर काही दिवसांत ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचे आवर्जून सांगा. लेप्टो आणि स्क्रब टायफससारखे आजार त्यावरून लवकर लक्षात येतात.

नोंद कुठे द्यावी

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आजरेकर बुरशीसंग्रह आणि राष्ट्रीय बुरशी संवर्धन संग्रह आहे. तिथल्या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या अळंब्यांवर पायाभूत काम केले आहे. तरीही आपल्या डोंगरांतली प्रत्येक दरी, प्रत्येक देवराई काही मोजक्या संशोधकांच्या पायांखालून जाणे शक्य नाही. तिथे हौशी माणसाचा कॅमेरा खरोखर कामाला येतो. इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल आणि आयनॅचरलिस्ट यांवर सहाही फोटो, तारीख आणि ठिकाण देऊन नोंद करा. नाव ठाऊक नसेल तर ‘अळंबी’ एवढेच लिहा. ओळख इतर जाणकार पटवतील. खाण्याजोग्या अळंबीची आणि देवराईची नेमकी जागा मात्र जाहीर करू नका, ठिकाण ढोबळ ठेवा.

या पावसाळ्यात घराजवळचा एकच ओंडका निवडा आणि दर आठवड्याला त्याचे फोटो घ्या. कोणती अळंबी आधी आली, कोणती तिच्या जागी नंतर आली, याची तारीखवार नोंद ठेवा. चार महिन्यांनी तुमच्या हाती त्या ओंडक्याचा असा इतिहास असेल जो तुमच्याआधी कुणी लिहिला नसेल. आणि सोसायटीने किंवा ग्रामपंचायतीने तो ‘कचरा’ म्हणून उचलायचे ठरवले, तर तुमचे फोटो दाखवा आणि तो तिथेच राहू द्या असे सांगा.